पेटीतली आई

दिवाळीच्या आधी आमच्या वसतिगृहात एक पाहणीवाली मुलगी आली होती. तिच्या हातातल्या पाटीवर तीन तोंडं काढलेली, एक हसरं, एक सरळ, एक रडकं. म्हणाली, "मावशी, पेटीबद्दल तुमचं समाधान किती आहे, त्या तोंडावर बोट ठेवा." मी तिन्ही तोंडं नीट बघितली. माझ्या तोंडासारखं एकही नव्हतं. मी तिला म्हटलं, बस खाली, घोटभर चहा घे आणि ऐक. तर तिला अजून अकरा पालक उरकायचे होते. माझं बोट तिनंच धरलं, हसऱ्या तोंडावर टेकवलं आणि गेली निघून. विचारायची हौस सगळ्यांना, ऐकायची कुणालाच नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. आधीच सांगून ठेवते, मी शिक्षणाच्या आड येणारी बाई नाही. मी इंदू बरकडे, माण तालुक्यातली धनगरीण. दिवाळी झाली की आम्ही मेंढरं घेऊन घाट उतरतो. कोकणात भात निघालेल्या खाचरांत खतासाठी मेंढरं बसवतो आणि मृगाच्या तोंडावर परत येतो. आता मेंढरांच्या कानात सरकारी टिकल्या आल्या, घोड्याच्या पाठीवर उन्हावर चालणारा पत्रा आला, पण सात महिने चालायचं ते आपल्याच पायांनी. माझी ईश्वरी तिसरीपर्यंत आमच्या मागं फिरली. दर मुक्कामाला नवी शाळा, नवे गुरुजी, आणि पंधरा दिवसांत पुन्हा बाडबिस्तरा. नऊ वर्षांच्या पोरीला एकोणीस आणि एक्याण्णव यांतला फरक कळेना. तेव्हा मीच हट्ट धरून तिला वसतिगृहात ठेवली. माझा नवरा बिरू नको नको म्हणत होता. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं हाच माणूस मला शहाणपण शिकवणार आहे.

वसतिगृहात बावीस पोरं आणि एकट्या फडतरे बाई. बाई मनानं सोन्यासारख्या, पण एका बाईनं चार वर्ग शिकवायचे, खिचडी बघायची, कुणाचा ताप, कुणाच्या उवा. शिकवणार कधी? त्या वर्षी पेटी आली. डब्याएवढी, पिवळी. छपरावरच्या पत्र्यावर चालते, तिला रेंजसुद्धा लागत नाही. ती भिंतीवर चित्र पाडते. त्यात भुकोबा नावाचा एक लांडगा. रोज मेंढी चोरायला निघतो आणि रोज गणितात गंडतो. बारा मेंढ्यांचा चौथा हिस्सा किती, तर म्हणतो आठ, आणि आठ मेंढ्या ओढायला जातो तोवर त्याची शेपटी बाभळीत अडकते. पोरांनी बरोबर उत्तर दिल्याशिवाय ती सुटत नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मीही पदर तोंडाला लावून हसले. लांडग्यानं आमची कमी कोकरं नेली नाहीत, पण असा खुळा लांडगा मिळाला तर कुणाला नको आहे?

खरी करामत मात्र कानात होती. प्रत्येक पोराला कानात घालायला चिंचोक्याएवढी बी देतात. चित्र सगळ्यांना एकच, पण गोष्ट सांगणारा आवाज ज्याच्या त्याच्या आईचा. बावीस पोरं एका भिंतीकडे बघतात आणि बावीस आया एकदम बोलत असतात.

हे कसं होतं, ते फडतरे बाईंनी मला समजावलं. माणसाचं बोलणं म्हणजे घसा, जीभ, दात आणि नाक यांची ठरलेली चाल. पेटीला चाळीस मिनिटांचं बोलणं दिलं की ती त्याचे मोहरीएवढे तुकडे करते, कुठला तुकडा कुठल्याला कसा जोडतात ते शिकते, आणि मग त्या माणसानं जन्मात न उच्चारलेलं वाक्यही त्याच्याच आवाजात बोलते. दुसरं म्हणजे कानातली बी पोराची नाडी बघते. पोर गोंधळलं की नाडी पळते, श्वास अडकतो, मान हलते. पेटीला ते पोराच्या आधी कळतं. ती गोष्ट तिथंच वळवते आणि वेगळ्या वाटेनं पुन्हा सांगते. आणि ही नाडी सगळ्यांत शांत कधी राहते, तर आईच्या आवाजात. घाबरलेल्या डोक्यात काही शिरत नाही, शांत डोक्यात शिरतं. परक्या आवाजात जे महिनाभर कळत नाही, ते आईच्या आवाजात आठ दिवसांत कळतं, बाई म्हणाल्या. मला पटलं. दोनशे मेंढ्यांच्या गलक्यात कोकरू आपल्या आईचं ओरडणं बरोबर ओळखतं, मग माणसाच्या पोराचं काय सांगायचं?

आवाज भरायला एक पोरगेला माणूस आला होता. आम्ही दुसऱ्या दिवशी निघणार होतो. त्यानं माझ्या गळ्याला एक टिकली चिकटवली, ईश्वरीला समोर बसवली आणि म्हणाला, लेकीशी मनातलं बोला, चाळीस मिनिटं. आता मला सांगा, पोरीशी चाळीस मिनिटं काय बोलतात? मी विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, वेणी नीट घालत जा. तिनं मान हलवली. बोलणं संपलं. माझ्या आईनं मला कधी असं समोर बसवून काही सांगितलं नाही. काम करता करता ओरडायची, तेच आमचं बोलणं. दोन मिनिटांत आम्हा दोघींना घाम फुटला. आणि इकडं घोड्यावर लादायचं सामान तसंच पडलेलं. मी त्या माणसाला म्हटलं, टिकली राहू दे गळ्याला, संध्याकाळी आणून देते. गेले वाघरीकडं, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळ्याकडं. दोन मेंढ्या व्यायलेल्या, त्यातलं एक कोकरू आचळ धरत नव्हतं. दिवसभर त्याच्यामागं होते.

संध्याकाळी त्यानं टिकली तपासली. दोन तासांचं बोलणं भरलंय, आवाज एक नंबर, म्हणाला. माझा आवाज वर्षभर पेटीत ठेवायच्या कागदावर मी अंगठा दिला. सही येते मला, पण त्यांना अंगठाच लागतो. बोलले कुणाशी, ते त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला काय ठाऊक, त्यानं काय बिघडतं?

कोकणात उतरल्यावर दर रविवारी फोन लावायचे. पहिले दोन रविवार ईश्वरी नुसती रडली. मीही रडायचे, पण फोन ठेवल्यावर. मग रडणं थांबलं. संक्रांतीच्या सुमाराला बोलणंच आटलं. कशी आहेस, बरी आहे. काय खाल्लंस, खिचडी. एका रविवारी माझा संयम सुटला. म्हटलं, अगं, आठ दिवसांनी आई बोलतीय, काहीतरी सांग की. तर म्हणते, "सगळं तुला सकाळीच सांगितलं."

"कुणाला?"

"तुला. पेटीत."

पाठ संपला की पोरांना अर्धा तास पेटीशी बोलता येतं. घरची आठवण काढून झुरू नयेत म्हणून तशी सोय केलेली. मी बिरूला सांगितलं. तो तंबाखू मळत हसला. म्हणाला, "आगं, मग चांगलंच हाय की. तू हितं बी राबतीस आन् तितं बी." त्याला ते फार मोठं शहाणपण वाटलं. नंतर चार लोकांना त्यानं तेच ऐकवलं.

मृगाला परत आलो. बिऱ्हाड उतरवलं आणि मी तडक वसतिगृह गाठलं. आमची फिरस्त्यांची पोरं उन्हाळ्यातही तिथंच असतात. ईश्वरी भिंतीसमोर बसून पाऊण, सव्वा, दीड असली गणितं तोंडानं सोडवत होती. सगळ्या पोरांत पहिली, बाई म्हणाल्या. फेब्रुवारीत शिष्यवृत्तीची परीक्षा, त्यात ही नक्की बसणार आणि निघणार. खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून आला. बाईंनी कौतुकानं ईश्वरीच्या कानातली बी काढून माझ्या कानात घातली. म्हणाल्या, ऐका, कसं शिकवता तुम्ही.

मी ऐकलं. माझाच आवाज. "ये माझ्या सोन्या. दमलास व्हय रं? घाई न्हाय. एवढंच घे. हां, जमलं की. आता आणिक एवढंच. माझं शहाणं गं ते." मधेच जीभ टाळ्याला लावून एक बारीक चकचक.

हे मी पोरीशी कधीच बोलले नव्हते. हे मी त्या आचळ न धरणाऱ्या कोकराशी बोलले होते. पेटीला काय कळतंय, पोर कुठलं आणि कोकरू कुठलं! तिनं माझी माया उचलली, तिच्यात अपूर्णांक भरले आणि माझ्या पोरीला पाजले. सात महिने. आणि मी तिकडं फोनवर विचारत होते, खिचडी खाल्लीस का.

राग कुणाचा करायचा हेच कळेना. पेटीनं काय चोरलं? जे होतं तेच दिलं. बाईंचा काय दोष? आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण राग आला, आणि तो भलतीकडंच निघाला.

शाळा सुरू व्हायला आठ दिवस होते, म्हणून ईश्वरीला घरी आणली. बीसुद्धा बरोबर दिली होती, तिच्यात सुट्टीचा अभ्यास आणि बोलणारा आवाज दोन्ही भरलेलं. तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते. चुलीत ओलं सरपण, धुरानं डोळे चुरचुरत होते. ईश्वरीनं विचारलं, "आई, अर्धा आणि पाऊण मिळून किती?"

मी म्हटलं, मला काय ठाऊक.

"तुला येतं की. तूच शिकवलंस." मग म्हणाली, "पेटीतल्या आईला येतं. ती ओरडत पण नाही."

माझा हात सुटला. पिठाचा हात, गालावर पाची बोटं पांढरी उमटली. ईश्वरी रडली नाही. उठली, दगडी कुंपणापलीकडं जाऊन बसली आणि कानात बी घातली. मी मागोमाग गेले होते समजूत काढायला. कुंपणाच्या अलीकडं उभी राहून ऐकलं. ईश्वरी म्हणत होती, "मला मारलं." मग गप्प. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. मग म्हणाली, "आईनं." पुन्हा गप्प. आणि मग थोड्या वेळानं हसली. माझी पोरगी माझी कागाळी माझ्याकडंच करत होती, आणि कुठली तरी मी तिला हसवत होते. मी तशीच परत फिरले. तव्यावरची भाकरी करपून कोळसा झाली होती.

पावसाळाभर मी हे गिळत राहिले. कुणाला सांगावं तर लोक म्हणायचे, नशीब काढलंस बाई, पोरगी पहिली येतीय. सासू म्हणाली, तुला सुख बोचतंय. बिरू म्हणाला, "पोरगी शिकतीया, तुझं काय जातंय? निस्ता आवाज तर हाय." निस्ता आवाज! सात महिने लांब राहणाऱ्या आईचं पोरीजवळ दुसरं असतं काय?

कागदाची मुदत दिवाळीला संपत होती. पुन्हा अंगठा दिला तर पुढची तीन वर्षं. नाही दिला तर पेटी माझा आवाज पुसून टाकणार. नवरात्र उठल्यावर मी फडतरे बाईंकडं गेले आणि सांगितलं, मला माझा आवाज परत हवा.

बाई चिडल्या नाहीत, तेच वाईट. चिडल्या असत्या तर मला भांडता आलं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, तुमचा हक्क आहे, आत्ता पुसते. पेटी मग एका साध्या ठरलेल्या आवाजात शिकवेल. मागच्या वर्षी एका पोराच्या आईनं असाच आवाज काढून घेतला, तर ते पोर तीन आठवडे बी मुठीत धरून भिंतीकडं नुसतं बघत बसलं. परीक्षा चार महिन्यांवर आली आहे, बाकी तुम्ही ठरवा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

मग बाईंनीच एक तोड काढली. आवाज नव्यानं भरू. तुम्ही लेकीशी जशा बोलता, तसंच बोला. पेटीला तुमचं खरं बोलणं शिकू दे. मला हायसं वाटलं. त्या दुपारी टिकली लावून मी ईश्वरीशी बोलले. यावेळी ठरवून गेले होते. घाटातल्या वाटेचं सांगितलं, तिच्या जन्माच्या वेळचं सांगितलं. पण सवय कुठं जाते? दर दोन वाक्यांनी, नीट बस. माझ्याकडं बघ. नखं खाऊ नको. ऐकतीस का? चाळीस मिनिटं भरली एकदाची.

पेटी नवा आवाज आधी तपासून बघते. ईश्वरीच्या कानात बी घातली, त्या आवाजात पाच गणितं दिली. महिनाभरापूर्वी चुटकीसरशी सोडवलेली तीच गणितं. पहिलं चुकलं. दुसरं चुकलं. तिसऱ्याला ती नखं खायला लागली. पेटीनं आपणहून तपासणी थांबवली आणि बाईंच्या पाटीवर अक्षरं उमटली. बाईंनी पाटी पटकन पालथी घातली. पण चौथीपर्यंत शिकलेय मी, तेवढं वाचता येतं मला. 'हा आवाज या मुलासाठी योग्य नाही.'

बाई म्हणाल्या, यंत्र आहे हो ते, मनावर घेऊ नका. कसं घेऊ नको? दहा वर्षं पोर वाढवलं, आणि एका पिवळ्या डब्यानं मला तीन गणितांत नापास केलं. आणि खोटं नाही केलं, हे तर जास्तच लागलं.

बाहेर पायरीवर ईश्वरी बसली होती. मी शेजारी बसले. म्हटलं, एकदाचं सांगूनच टाकावं.

"ईश्वरे, पेटीतली ती तुझी आई न्हाय. यंत्र हाय ते. कळतंय का तुला?"

"माहितीये मला. मी काय बारकी आहे का?"

"मग तिला आई का म्हणतीस?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. पायरीवरची माती नखानं उकरत म्हणाली, "ती मला सोन्या म्हणते. तू फक्त कोकरांना म्हणतेस."

म्हणजे पोरीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हा आवाज कुठला. मेंढरांच्या वाड्यावर वाढलेली पोर, तिला कळणार नाही? कोकरांची माया तिनं पेटीतून घेतली, कारण दुसरीकडून मिळत नव्हती. मला तिथल्या तिथं म्हणायचं होतं, सोन्या. एवढा एक शब्द. ओठापर्यंत आला. आणि तोंडातून काय निघालं तर, "माती नको उकरू, नखं खराब हुतील." माझंच मला थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मी आत गेले आणि तीन वर्षांच्या कागदावर अंगठा दिला. बाईंना फक्त एक मागितलं. म्हटलं, मलाही एक बी द्या. ती पेटी माझ्या पोरीशी जे बोलते ते मला कोकणात ऐकायचंय. ऐकून ऐकून मलाही जमेल तसं बोलायला. बाईंचे डोळे भरून आले, त्यांनी वर विचारून बघितलं. चार दिवसांनी उत्तर आलं. बी फक्त शिकणाऱ्या मुलांसाठी आहे, पालकांसाठी तरतूद नाही. म्हणजे माझा आवाज सगळ्यांना चालतो, फक्त मला ऐकायला मिळायचा नाही.

भाऊबीज झाली आणि निघायचा दिवस आला. ईश्वरीला वसतिगृहात सोडून तिथूनच पुढं जायचं होतं. मेंढरं रस्त्याच्या कडेला थांबली होती, बिरू घोड्याचे दोर आवळत होता. त्या आठवड्यात जन्मलेलं एक कोकरू चालण्यासारखं नव्हतं, ते घोड्यावरच्या जाळीत ठेवायचं होतं. तोवर ते ईश्वरीनं छातीशी धरलं होतं. मी तिच्यासमोर उभी राहिले. तिची वेणी सुटली होती. मला ठाऊक होतं, तोंड उघडलं की वेणीच निघणार.

मी तोंड उघडलंच नाही. खाली वाकले आणि कोकराच्या कपाळावर हात ठेवला.

"सोन्या," मी कोकराला म्हटलं. "माझ्या शहाण्या. जातीय मी आता. लांब जातीय, पन येनार हाय. भिऊ नगंस. पोटभर जेव. मी तुला मारलं ना, लई चुकलं माझं. रोज सलतंय बघ."

कोकरू आपलं ईश्वरीचं बोट चोखत होतं. ईश्वरी हललीसुद्धा नाही. मी कोकराकडंच बघत राहिले, वर बघायची छाती झाली नाही. बिरूनं तिकडून हाक मारली, उन्हं वर यायच्या आत घाट गाठायचा, आण ते कोकरू. मी हात पुढं केले.

ईश्वरीनं कोकरू दिलं नाही. आणखी घट्ट धरलं.

"अजून बोल त्याच्याशी," ती म्हणाली.

बिरू पुन्हा ओरडला. होऊ दे उशीर, मी म्हटलं, आणि बोलत राहिले.